तुळई, दिवाण, साग आणि निंब: एकच औषध चौघांना चालत नाही

भाऊ, तुमच्या प्रश्नाचा सारांश असा. शहाद्याकडच्या गावात आजोबांच्या वेळचं धाब्याचं घर आहे. माजघरातल्या सागवानी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक नखाने खरवडलं तरी त्याचा भुगा होतो. दोन वर्षांपूर्वी करून घेतलेल्या आंब्याच्या लाकडाच्या दिवाणाखाली पिठासारखी भुकटी पडते. बांधावरच्या सागाची पानं भादव्यात जाळी होऊन जातात, आणि दारातला मोठा निंब शेंड्याकडून वाळतोय. दुकानदाराने वाळवीचं औषध दिलंय, तेच चारही ठिकाणी मारावं का, असं तुम्ही विचारता.

मारू नका. वाळवीचं म्हणून दुकानात मिळतं ते बहुधा क्लोरपायरीफॉस असतं आणि त्याचं खरं काम मातीतून येणाऱ्या वाळवीला अडवण्याचं. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून चारपैकी एकाही ठिकाणी वाळवी हे मूळ दुखणं दिसत नाही. बुरशीवर वाळवीचं औषध, भुंगेऱ्यावर नुसतं वॉर्निश, पानं खाणाऱ्या अळीवर बुरशीनाशक, असे प्रकार मी खानदेशात गावोगाव पाहिलेत. पैसा जातो, विष घरात येतं आणि दुखणं तसंच राहतं. म्हणून आधी कोण आहे ते ओळखू, मग ते तिथे का आलं ते पाहू. औषधाचा विचार त्यानंतर.

सुरुवात तुळईपासून करतो, कारण बाकीच्या तीन गोष्टी महिनाभर थांबतील, ही थांबणार नाही. धाब्यावरच्या मातीच्या वजनाचा लोकांना अंदाज नसतो. फूटभर जाडीचा थर कोरडा असतानासुद्धा दर चौरस मीटरला साधारण ५०० किलो भरतो, भिजल्यावर आणखी जास्त. तो सगळा भार कड्यांवरून तुळईवर येतो आणि तुळईच्या टोकावरून भिंतीत उतरतो. ते टोकच भुगा होत असेल तर आजच सुताराला बोलवा. टोकापासून दीड-दोन फुटांवर, जिथे लाकूड ठोकल्यावर ठणठणीत वाजतं तिथे, खालून पक्का टेकू लावून घ्या. टेकूखाली रुंद फळी किंवा सपाट दगड ठेवा, नाहीतर तो सारवलेल्या जमिनीत रुतेल. टेकू लागेपर्यंत त्या खणात कुणाला झोपू देऊ नका.

टेकू लागला की दाभण घ्या आणि टोकापासून आत सरकत दर चार बोटांवर टोचत जा. दाभण कुठपर्यंत सहज घुसतं, तिथे खडूने खूण करा. मग कुजलेल्या भागाचा एक तुकडा काढून उजेडात बघा. आतल्या पोकळ्यांना मातीचं अस्तर असेल, मऊ भाग खाऊन कडक पदर तेवढे शिल्लक ठेवले असतील, तर ती वाळवी. मातीचा मागमूस नाही, लाकूड तपकिरी झालंय, उभ्या-आडव्या चिरा पडून त्याचे चौकोनी खडे निघतात आणि चिमटीत दाबल्यावर पूड होते, तर ती तपकिरी कूज. लाकूड फिकट पडून दोऱ्यादोऱ्यांनी सुटत असेल तर पांढरी कूज. तपकिरी कुजीची बुरशी लाकडातलं सेल्युलोज म्हणजे तंतूंचं द्रव्य खाऊन लिग्निन, म्हणजे ते तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, मागे ठेवते, पांढऱ्या कुजीची बुरशी लिग्निनही फस्त करते, म्हणून खुणा इतक्या वेगळ्या दिसतात. तुम्ही भुग्याबद्दल लिहिलंय, मातीबद्दल एक शब्दही नाही. त्यावरून मला ही बुरशीच वाटते.

आता पुढचा प्रश्न, सागवानाला बुरशी लागलीच कशी? सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, त्यामुळे वाळवी आणि बुरशी दोन्ही त्याच्यापासून लांब राहतात. मात्र हा गुण गाभ्याच्या गडद लाकडाचा आहे. सालीलगतचं पांढरट लाकूड सागाचं असलं तरी कच्चंच. आणि गाभ्याचं बळसुद्धा अमर्याद नाही. वर्षानुवर्षं पाणी मुरत राहिलं तर तोही हार मानतो. लाकडात वजनाच्या २० टक्क्यांहून कमी ओल असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. तिला नीट हातपाय पसरायला २८-३० टक्के ओल लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, छताखालचं लाकूड तेव्हा १० टक्क्यांच्याही खाली वाळतं. भर पावसाळ्यातसुद्धा नुसत्या हवेतल्या दमटपणाने ते कुजण्याइतकं ओलं होत नाही. म्हणजे खानदेशात घरातलं लाकूड कुजलं, तर त्याला कुठून तरी थेट पाणी मिळतंय हे नक्की समजा. तुमच्या तुळईचा मधला भाग शाबूत आणि टोक गेलं, याचा अर्थ पाणी त्या भिंतीत आहे.

ते पाणी शोधणं हाच खरा इलाज. वर चढून आधी परनाळ बघा. ती फुटलेली असते किंवा भिंतीपासून पुरेशी बाहेर नसते, आणि पाणी भिंतीवरूनच उतरतं. मग त्या टोकाच्या बरोबर वरची माती बघा. धाब्यावर दर उन्हाळ्याच्या शेवटी पांढऱ्या खाऱ्या मातीचा नवा थर देण्याची रीत फार शहाणपणाची होती. ती माती भिजली की फुगून दबून बसते आणि खाली पाणी झिरपू देत नाही. माणसं शहरात गेली, थर देणं थांबलं, वर गवत उगवलं, गवताच्या मुळांनी वाटा केल्या. अशी कितीतरी चांगली घरं त्या एका कारणाने बसली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिसरी शक्यता हल्ली सर्वांत जास्त सापडते: मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा. मातीची भिंत ओल घेते आणि वाळतानाही सोडते. सिमेंटच्या कवचामुळे तिला ती बाहेर टाकता येत नाही, मग ती आत सरकते आणि तुळईच्या टोकाशी साठते. तसं असेल तर त्या टोकाच्या आसपासचा गिलावा काढून टाका आणि मातीचा किंवा चुन्याचा करा. भिंतीला लागून मोरी किंवा नळ असेल तर तोही तपासा. धाब्यावर सिमेंटचा कोबा घालायचा विचार मात्र सोडा. भार वाढतो, आणि कोब्याला चीर गेली की खालची ओल कधी वाळत नाही.

पाणी बंद झाल्यावर लाकडाची दुरुस्ती. कुजलेला भाग दिसतो त्याच्या पुढेही बुरशीचे तंतू आत गेलेले असतात, म्हणून खडूच्या खुणेपासून फूटभर आतपर्यंतचं लाकूड संशयित माना. चांगला सुतार तेवढा भाग कापून जुन्या सागाचा नवा तुकडा खाच जोडणीने आणि आरपार बोल्टांनी बसवतो. ते शक्य नसेल तर भिंतीला लागून खांब उभा करून तुळई त्यावर टेकवा. खांब मातीत गाडू नका, दगडी तळखड्यावर ठेवा. आपल्या पूर्वजांनी खांब तळखड्यावर ठेवले ते लाकूड जमिनीची ओल पिऊ नये म्हणूनच. नवं टोक भिंतीत बसवताना सभोवती बोटभर मोकळी जागा सोडा, सिमेंटने चिणू नका. हवा खेळली की टोक आपोआप कोरडं राहतं.

औषध इथे बोरॉनचं वापरा. तीन भाग टाकणखार म्हणजे बोरॅक्स आणि दोन भाग बोरिक ॲसिड. दहा लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड घातलं की ५ टक्क्यांचं द्रावण होतं. दुप्पट घेतलं तर १० टक्क्यांचं, तुळईच्या टोकाला तेच द्या. दोन्ही वेगवेगळे विरघळवायला गेलात तर गार पाण्यात फार थोडे विरघळतात, एकत्र घातले की बरेच जास्त जातात. शाबूत लाकडात गिरमिटाने तिरकी भोकं पाडून द्रावण दोन-तीन दिवस थोडं थोडं भरत राहा. बोरॉनचा मोठा गुण असा की जिथे ओल असते तिथे ते स्वतःच पाझरत जातं, म्हणजे बुरशीला जिथे वाढायचंय तिथेच पोचतं. शिवाय बुरशी, भुंगेरा आणि वाळवी तिघांनाही ते बाधतं. वास नाही, डाग नाही. पण पोटात गेलं तर विषच आहे, म्हणून लेकरांपासून आणि धान्याच्या कणगीपासून लांब ठेवा.

याच औषधाची एक मर्यादाही सांगतो, नाहीतर तुम्ही ते कुंपणाच्या खांबांना लावाल. पावसात ते धुऊन जातं. जमिनीत गाडायच्या लाकडाला वेगळं रसायन लागतं, आणि जगभर त्यासाठी वापरलं गेलेलं तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण आपल्याच देशात, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत डॉ. सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये शोधलं. ते कारखान्यात दाबाखाली लाकडात भरतात, घरी करण्याचं काम नव्हे. त्यात आर्सेनिक असल्यामुळे अमेरिकेत घरगुती वापरातून ते काढलं गेलं, आणि अशा लाकडाचा तुकडाही चुलीत घालायचा नसतो. कुंपणाला माझा सल्ला सोपा आहे: अंजन, खैर किंवा सागाच्या गाभ्याचे खांब घ्या. काळं ऑइल फासण्यावर भिस्त ठेवू नका. ते वरवर बसतं, आणि खांब कुजतो तो जमिनीला टेकतो तिथल्या वीतभर पट्ट्यात, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच एकत्र मिळतात.

वाळवीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ओलं लाकूड तिलाही बोलावतं. भिंतीच्या पायापासून वर जाणाऱ्या मातीच्या नळ्या शोधा, खास करून कोनाडे, चौकटीमागची फट आणि जुन्या पेट्यांच्या मागे. नळी मोडून ठेवा. चार दिवसांत पुन्हा बांधली गेली तर घरात उधई चालू आहे. मग लाकडावर फवारून भागत नाही, तिचा जमिनीतला रस्ता अडवावा लागतो. भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात उभ्या घरांसाठी ही पद्धत दिली आहे: भिंत आणि फरशी मिळतात त्या रेषेवर साधारण ३०० मिलिमीटर अंतराने १२ मिलिमीटरची भोकं, प्रत्येकात एक लिटर द्रावण, आणि चौकट भिंतीला मिळते तिथे बारीक तिरकी भोकं. २० टक्क्यांचं क्लोरपायरीफॉस असेल तर एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी. ३०.५ टक्क्यांचं इमिडाक्लोप्रिड असेल तर लिटरमागे २.१ मिलिलिटर. बाटलीवर इमारतीतल्या वाळवीसाठी असं लिहिलेलं आहे का ते आधी वाचा, शेतीची बाटली वेगळी असते. विहीर किंवा पाण्याची टाकी भिंतीजवळ असेल तर त्या बाजूला हे काम अजिबात करू नका. ठेकेदाराला काम दिलं तर भोकं मोजा आणि प्रत्येकात किती ओतलं ते उभं राहून बघा. नुसतं भिंतीवर फवारून दिलेल्या हमीपत्राला अर्थ नाही.

आपल्या रानातल्या बऱ्याच वाळव्या वारुळात स्वतः बुरशीची शेती करतात. पहिल्या पावसानंतर सातपुड्याच्या पायथ्याला वारुळांवर जी खायची अळंबी उगवतात, ती त्याच शेतीतली. झाडाच्या बुंध्यावर मातीचा पातळ लेप दिसला की लोक घाबरतात, पण ही वाळवी बहुतेक वेळा वरची मेलेली साल खात असते. मोठ्या झाडावरचा लेप खराट्याने झाडून टाका, पुरे. नव्या लावणीतल्या निलगिरीच्या किंवा आंब्याच्या रोपांना मात्र ती खरंच मारते. तिथे खड्ड्यात कच्चं शेणखत घालायचं टाळा आणि रोपाला पाण्याचा ताण पडू देऊ नका.

आता दिवाण. पिठासारखी मऊ भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढी, एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं, हे भुंगेऱ्याचं काम. त्याचा हिशेब बुरशीच्या अगदी उलटा आहे. त्याला ओल लागत नाही, कोरडं लाकूडच आवडतं. त्याचं अन्न म्हणजे लाकडातला स्टार्च. आंब्याच्या लाकडाला सागासारखा टिकाऊ गाभा नसतो, जवळजवळ सगळंच फिकट आणि खाण्याजोगं. मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते, बहुधा वखारीतच, फळ्या कापून रचलेल्या असताना. अळ्या महिनोन् महिने आतून खातात आणि पुढच्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात भोक पाडून बाहेर पडतात. भोक दिसतं तेव्हा तो भुंगेरा गेलेला असतो. बाकीचे आत असतात, आणि बाहेर पडलेला याच दिवाणाच्या खालच्या बाजूला पुन्हा अंडी घालतो, कारण सुतार वरून पॉलिश करतात आणि खालचं लाकूड उघडं सोडतात.

आधी कीड जिवंत आहे का ते तपासा. भुकटी झटकून दिवाणाखाली काळं कापड अंथरा आणि आठवडाभर त्याला कुणी हलवू नये. हलवल्यावर जुन्या भोकांतूनही भुकटी गळते, त्यावरून काही ठरत नाही. न हलवता ताजी भुकटी पडली तर काम चालू आहे.

चालू असेल तर आपल्या खानदेशाचं ऊन उपयोगाला आणा. लाकडाच्या खोक्यांतून कीड परदेशी जाऊ नये म्हणून जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यात लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे असं म्हटलंय. तेवढं तापलं की अंडी, अळी, भुंगेरा काहीच उरत नाही. एप्रिल-मेमध्ये दिवाण खोलून फळ्या सुट्या करा, गच्चीवर विटांवर ठेवा आणि काळ्या प्लास्टिकने सगळीकडून बंद करा. इंचभर जाडीच्या फळ्या दुपारपर्यंत पुरेशा तापतात, जाड पाय तापायला वेळ लागतो. जाड तुकड्यात एक भोक पाडून त्यात काच न फुटेल असा तापमापक खुपसून खात्री करा. लागोपाठ दोन-तीन दिवस करा आणि फळ्या उलटत राहा. पॉलिश खराब होईल, ते तसंही पुन्हा करायचंच आहे. थंड झाल्यावर खालच्या, आतल्या, जोडाच्या सगळ्या उघड्या बाजूंना १० टक्के बोरॉनचं द्रावण दोन-तीन हात द्या, वाळू द्या आणि मग सगळ्या बाजूंनी पॉलिश करा. भोकं मेणाने बुजवा, म्हणजे पुढे नवं भोक पडलं तर लगेच कळेल.

भोकांत सल्फासची गोळी ठेवायचा सल्ला तुम्हाला नक्की कुणीतरी देईल. कृपा करून ऐकू नका. ओल लागली की त्या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो आणि झोपण्याच्या खोलीत तो माणूस मारतो. म्हणूनच ती गोळी फक्त प्रशिक्षित आणि परवानगी असलेल्या माणसांनीच वापरायची आहे. नुवान म्हणून जे विकलं जायचं ते डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, जुनी बाटली कपाटात असेल तर तीही वापरू नका. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने किती शेतकऱ्यांचे जीव गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. उघड्या रानात ते झालं, बंद घरात काय होईल याचा विचार करा.

हा भुंगेरा तुळईला लागेल का, अशी भीती तुम्हाला वाटत असेल. जुन्या सागाच्या गाभ्यात त्याच्या खाण्यासारखं काही नाही, तिथे तो जाणार नाही. बांबूला मात्र जाईल. केळीच्या घडांना टेकू द्यायला आणलेले बांबू त्याच खोलीत ठेवले असतील तर ते आधी हलवा. पुढच्या वेळी बांबू तीन वर्षांहून जुने आणि पावसाळा संपल्यावर तोडलेले घ्या, उन्हाळ्यात तोडलेल्या बांबूत स्टार्च जास्त असतो. शक्य असेल तर महिना-दीड महिना वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा. गाडीची चाकं करायची बाभूळ आपले लोक डोहात बुडवून ठेवायचे, त्यामागे हेच आहे: पाण्यात स्टार्च आणि साखर निघून जाते. वास फार येतो, पण लाकूड टिकतं.

तुळईत कुठे बोट जाईल एवढं गोल, गुळगुळीत भोक आणि खाली जाडसर भुसा दिसला, तर तो मोठ्या काळ्या भुंग्याचा, म्हणजे लाकडात घर करणाऱ्या माशीचा उद्योग. ती लाकूड खात नाही आणि शेवगा, तूर, भोपळ्याच्या फुलांचं परागीभवन करते. तिला विष घालू नका. पिल्लं उडून गेल्यावर भोक लाकडी गुट्टीने बुजवा.

सागाच्या पानांवर फार वेळ घालवत नाही, कारण तिथे तुम्हाला फारसं काही करायचं नाही. सागाला दोन अळ्या लागतात. एक जून-जुलैमध्ये कोवळी पालवी आली की येते आणि मधली शीर सोडून अख्खं पान खाते. दुसरी भादवा-आश्विनात येते, शिरा शिल्लक ठेवते, मधला हिरवा भाग खरवडून पानाची जाळी करते. तुमची ही दुसरी. पानं तेव्हा जुनी झालेली असतात, थोड्याच महिन्यांत ती गळणारच असतात, म्हणून या अळीने झाडाचं नुकसान कमी होतं. पहिली जास्त महागात पडते. केरळच्या वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या कोवळ्या सागबागेत मोजलं तेव्हा तिच्यामुळे लाकडाची होऊ शकणारी वाढ ४४ टक्क्यांनी घटली होती. त्याच संस्थेने त्या अळीला रोग आणणारा विषाणू वापरून तिचं नियंत्रणही करून दाखवलं, पण तो जाळी करणाऱ्या अळीवर चालत नाही. बांधावरच्या उंच झाडांवर रासायनिक फवारा मारायला मी सांगणार नाही. शेंड्यापर्यंत पोचत नाही, खाली गुरांच्या चाऱ्यावर पडतो, आणि अळ्यांवर जगणारे परोपजीवी कीटक तेवढे मरतात. कोतवाल, साळुंक्या बांधावर येऊ द्या, खालची झुडपं सगळी साफ करू नका. दोन-तीन वर्षांची रोपं असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क मारा: पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, २०० ग्रॅम साबण घाला आणि १०० लिटर करा. पानाखाली नारिंगी-पिवळी पावडर दिसली तर तो तांबेरा, अळीशी त्याचा संबंध नाही. मोठ्या झाडाला तोही सोडून द्या, रोपवाटिकेत असेल तर गंधक वापरा.

राहिला निंब. त्याला तोडायचा की ठेवायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिण्यातून काळजी दिसते. निंबाच्या कोवळ्या डहाळ्या शेंड्याकडून वाळवणारी एक बुरशी आहे, फोमॉप्सिस तिचं नाव. पावसाळ्यात सुरू होते, दिवाळीच्या सुमारास झाड होरपळल्यासारखं दिसतं. २०२१ मध्ये तेलंगणात ती फार मोठ्या प्रमाणावर पसरली होती. ढेकण्यांच्या जातीची एक कीड कोवळे शेंडे शोषते, तिच्यामुळेही असंच दिसतं, आणि अनेकदा दोघी एकाच वेळी असतात. पण अशी बहुतेक मोठी झाडं फाल्गुन-चैत्रात पुन्हा फुटतात. म्हणून आत्ता कुऱ्हाड लावू नका. हाताला येतील त्या वाळक्या डहाळ्या कोरड्या हवेत कापून जाळा. झाड लहान असेल तर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची फवारणी उपयोगी पडते. चाळीस फुटी झाडावर ती नीट होत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुंधा बघा. पार बांधताना खोडाभोवती माती चढवली आहे का, फरशी किंवा सिमेंट खोडाला चिकटवलंय का? तसं असेल तर मुळांना हवा मिळत नाही आणि खोडाची साल आतून कुजते. खोडापासून हात-दोन हात मोकळं करा. फांदी कापायची तर खोडाला भिडवून कापू नका, फांदीच्या बुडाशी जो फुगीर कडा असतो तो शिल्लक ठेवा. तिथूनच झाड जखम बंद करतं. अमेरिकी वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये हे नीट मांडलं: झाड कुजलेला भाग बरा करत नाही, त्याच्याभोवती भिंत उभी करून त्याला आतच कोंडतं. म्हणून खोडातली पोकळी खरवडून सिमेंटने भरायची जी पद्धत आपल्याकडे आहे ती थांबवा. खरवडताना आपण तीच भिंत फोडतो. कापलेल्या जागी डांबरही नको. पावसाळ्याआधी खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना दहा लिटर पाण्यात. दोन्ही वेगळे भिजवा, प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करा. घासलेला विळा त्यात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी घाला.

बुंध्याशी, जमिनीलगत, कानासारखी किंवा थाळीसारखी कडक तपकिरी बुरशी उगवली असेल तर मात्र गंभीरपणे घ्या. ती बहुधा गॅनोडर्मा, आणि ती मुळं व बुंध्याचं आतलं लाकूड खाते. वरून पालवी हिरवी असते आणि वादळात झाड मुळासकट आडवं होतं. लाकडी हातोड्याने बुंध्याला सगळीकडून ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐका. अर्ध्याहून जास्त घेर पोकळ वाजला आणि झाड घरावर झुकलेलं असेल, तर घराकडच्या जड फांद्या हलक्या करा, आणि तेवढ्याने भागणार नसेल तरच तोडा. गाव नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. बांधावरच्या सागाला १९६४ चा वेगळा कायदा लागू आहे, तोही परवानगीशिवाय तोडता येत नाही. निंब तोडावाच लागला तर बुंधा जमिनीत ठेवू नका. जाड मुळांसकट उपटा, कारण ही बुरशी त्या मुळांत बरीच वर्षं टिकते आणि शेजारच्या झाडाच्या मुळांना मुळं भिडली की तिथे जाते. जवळ दुसरं झाड असेल तर दोघांच्या मध्ये दोन फूट खोल, फूटभर रुंद चर खणा. त्याच खड्ड्यात लगेच नवं रोप लावू नका, चार-पाच पावलं सोडून लावा.